घोड्याच्या घरातलं प्यादं

बारामतीला चार दिवस राहून आलो असं सांगितलं की पुण्यात जो तो एकच विचारतो, कुणाचं लग्न होतं? बुद्धिबळ खेळायला गेलो होतो म्हटल्यावर समोरचा आधी हसतो, मी हसत नाही हे पाहून गंभीर होतो आणि निकाल विचारतो. निकाल सांगेन, पण शेवटी. आधी जाणं, राहणं, खाणं आणि त्या चार दिवसांत मला एकामागून एक जे धक्के बसले ते सांगतो. त्यांतला शेवटचा धक्का तर मला माझाच बसला आणि त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. वय एक्केचाळीस. जिल्ह्याची निवड स्पर्धा दर हिवाळ्यात कुठल्या तरी तालुक्याच्या गावी भरते आणि पहिले चार खेळाडू राज्य स्पर्धेला जातात. मी आजवर सहा वेळा पाचवा आलो आहे. पाचवा नंबर माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे, असं माझी बायको सुनंदा म्हणते, आणि हा विनोद तिनं सहाही वेळा केला आहे. यंदा निघताना मी तिला सांगितलं की ह्या खेपेला चौघांत आलो नाही तर पट माळ्यावर टाकीन. माळ्यावर जागा नाही, ती म्हणाली. एस.टी.त बसेपर्यंत मी त्यावर काही उत्तर शोधत होतो.

बारामती, पहिला दिवस

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. पुण्यात आमच्या स्पर्धा शाळेच्या वर्गात होतात, फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच असतं आणि कुणी खोकलं तरी सगळे वळून बघतात. इथं स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या नवऱ्याच्या खुर्चीवर पंच बसले होते. खरातसाहेब, पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. येणाऱ्याजाणाऱ्यांचे 'जय भीम' आणि 'रामराम' ते सारख्याच शांतपणे घेत होते. त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात नियमांचा एक कागद लिहून दाराशी चिकटवला होता. मी तो वाचला नाही. मला नियम माहीत होते.

पुणेकराला पहिला धक्का प्रेक्षकांचा. दोरीपलीकडे पन्नासेक माणसं उभी, टोप्या घातलेली, शेंगा खाणारी, आणि प्रत्येकाला मत. माझ्या पहिल्याच डावात मागून कुणीतरी म्हणालं, "त्यो उंट काढा की वं, कवाधरनं बांधून ठिवलाय." मी पंचांकडे तक्रार केली. खरातसाहेबांनी उठून त्या माणसाला समजावलं. त्यानं माझी माफी मागितली, मला मूठभर शेंगा दिल्या आणि मी उंट बाहेर काढेपर्यंत तो तिथून हलला नाही. उंट काढायलाच हवा होता, ही गोष्ट वेगळी.

तो डाव जिंकलो, दुसरा बरोबरीत सुटला. संध्याकाळी गावातून फिरलो. कारखान्यांचे हंगाम सुरू होते, उसाच्या बैलगाड्या रस्त्यानं चालल्या होत्या आणि हवेत मळीचा गोडसर आंबूस वास भरला होता. पहिल्या दिवशी तो नाकाला झोंबतो, दुसऱ्या दिवशी कळत नाही आणि पुण्यात आल्यावर शर्टाला येतो. खाणावळीत बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ होती. वाढणाऱ्या बाईंनी मी नको म्हणत असताना चौथी भाकरी वाढली. पुण्यात दुसरी मागावी लागते.

बारामती, दुसरा दिवस

सकाळी तिसरी फेरी. माझ्यासमोर साठीच्या घरातल्या एक बाई येऊन बसल्या. निळी सुती साडी, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जोड्यांच्या कागदावर नाव होतं मेहरुन्निसा, गाव इंदापूर. दोरीपलीकडची माणसं त्यांना आपा म्हणत होती. सुरुवातीला खेळाडूंनी हात मिळवायचा असतो. मी हात पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबला आणि म्हणाल्या, "दोन-आठचा हात हाय तुमचा. सैल सोडा जरा."

मी गोंधळून बघत राहिलो. शेजारच्या पटावरचा खेळाडू हसत म्हणाला की आपांचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान आहे, आणि दोन-आठ म्हणजे बांगडीचं माप. चाळीस वर्षं त्या बायकांचे हात दाबून बांगड्या भरत आल्या आहेत, हातात हात आला की बोटं आपोआप माप घेतात. आपाही हसल्या. मला वाटलं, चला, हा गुण तर आपलाच.

आता थोडं बुद्धिबळ सांगणं भाग आहे. ज्यांना खेळता येत नाही त्यांनीही वाचावं, मी सोपं करून सांगतो. पांढरी मोहरी माझी होती. मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, त्यांनीही तेच केलं. मग मी उंटापुढचं प्यादं टाकून ते त्यांच्या तोंडाशी नेलं. खा, म्हटलं. ह्याला गॅम्बिट म्हणतात. शहाणा माणूस एक तर खातो, नाही तर आपलं प्यादं सांभाळून बसतो. आपांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं ढकललं आणि उलट मलाच म्हटल्यासारखं केलं, तुम्हीच खा. ह्या उलट्या देण्याला काउंटर गॅम्बिट म्हणतात. पुस्तकात त्याबद्दल लिहिलेलं असतं की हे धारदार आहे पण खरं नाही, नीट खेळलं की पांढरा जिंकतो. ते 'नीट खेळलं की' मी वाचलं होतं, पण त्याखालची पानं वाचली नव्हती.

मी प्यादं खाल्लं. त्यांचं मधलं प्यादं एक घर सरकून माझ्या घशाशी येऊन बसलं. त्याला हुसकावायला मी माझं राजापुढचं प्यादं एकच घर पुढं केलं. कुणालाही सुचेल अशी ही खेळी, आणि तिथंच डाव संपला होता, पण ते मला कळायला अजून चार खेळ्या जायच्या होत्या. त्यांनी उंटानं शह दिला. मी मध्ये माझा उंट घातला. त्यांचा उंट माझ्या उंटासमोर उघडा पडला होता, तिकडं त्यांनी बघितलंही नाही, प्याद्यानं माझं प्यादं खाल्लं. मी आनंदानं उंट उचलला. त्यांचं प्यादं आणखी एक प्यादं खाऊन राजाला शह देत पुढं आलं. राजानं त्याला खाल्लं असतं तर माझा वजीर गेला असता, म्हणून राजा एक पाऊल पुढं सरकला.

आता ते प्यादं माझा कोपऱ्याजवळचा घोडा खाऊन शेवटच्या ओळीत पोचणार हे मला दिसत होतं. पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. होऊ दे. त्यांनी वजीर केला की मी माझ्या वजिरानं त्यांचा जुना वजीर खाणार, शह देऊन, आणि मग हत्तीनं नवा खाणार. एवढं सगळं मी मनात मांडून मिशीवर हात फिरवत बसलो होतो.

आपांनी घोडा खाल्ला, प्यादं उचललं, शेजारच्या पटावर मरून पडलेल्या मोहऱ्यांत हात घातला आणि एक काळा घोडा उचलून त्या घरात ठेवला. वजीर नाही, घोडा. आणि त्या घोड्याचा माझ्या राजाला शह होता.

शह असल्यामुळे मला त्यांच्या वजिराला हात लावता येईना. हत्तीनं घोडा खाल्ला तर त्यांचा दुसरा उंट येऊन राजाला शह देणार आणि राजाच्या मागे उभा असलेला माझा वजीर जाणार. तरी मी हत्ती उचलला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. उंट आला. घड्याळात माझी एक तास वीस मिनिटं शिल्लक होती आणि मी राजा आडवा केला. वीस वर्षं खेळतो आहे, आठ खेळ्यांत कधी हरलो नव्हतो.

दोरीपलीकडे कुजबुज वाढली. पुस्तकांत ज्या अफलातून खेळ्यांच्या पुढे दोन-दोन उद्गारचिन्हं असतात त्यांतली एक माझ्यावर इंदापूरच्या बांगडीवालीनं खेळली होती. हात मिळवताना मी त्यांना विचारलं, घोडा करायचं कसं सुचलं तुम्हाला?

त्यांना प्रश्नच कळला नाही. "घोड्याचं घर हाय न्हवं त्ये?" त्या म्हणाल्या. "मग घोडाच व्हनार की."

तेवढ्यात खरातसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं की दुपारपासून कार्यालयात एक साखरपुडा आहे, कार्यालयाच्या मंडळानं तो विसरून स्पर्धेला तारीख दिली होती, तरी सर्वांनी पट उचलून घ्यावेत आणि उद्या सकाळी यावं. हार घेतलेली माणसं आत येऊ लागली. मी हातात राजा धरून उभा होतो. आपा म्हणाल्या, रिकामे असाल तर इंदापूरला चला, सुनेनं सैपाक केलाय, सांजच्या गाडीनं माघारी या. त्या 'घोड्याच्या घरा'चा अर्थ काय हे समजून घेतल्याशिवाय मला जेवण जाणार नव्हतं. मी निघालो.

इंदापूर

सणसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, इतका उंच की एस.टी.च्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही. पुढे निमगाव केतकीला पानमळे लागले. आपा वाटेत चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताकडे आधी बघत आणि मग तोंडाकडे. दोघींची त्यांनी नावं विसरून मापं सांगितली.

दुकान बाजारपेठेत, घर त्याच्या मागं. सुनेनं मला शाकाहारी समजून वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. पुण्यातलं माणूस असंच असणार हा तिचा अंदाज बरोबर होता, त्यामुळे शेजारच्या चुलीवरच्या रश्श्याचा वास घेत मी भरीत जेवलो. जेवण झाल्यावर आपांनी विचारलं, बायकोच्या हाताचं माप काय? मला माहीत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मी मुलांना हात काढायला शिकवतो. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा आणि पेन्सिल पुढं सरकवली आणि काढून दाखवा म्हणाल्या. मी डोळ्यांसमोर काहीच येत नसताना पेन्सिल टेकवली, आणि हातानं सुनंदाचा पोळी लाटतानाचा हात काढला, खऱ्याएवढा, करंगळीजवळच्या भाजल्याच्या डागासकट. आपांनी चष्मा सारून तो पाहिला आणि म्हणाल्या, "दोन-चार."

मग त्यांनी ट्रंकेतून पट काढला. कापडाचा, चौकोनांना दोन रंग नाहीत, नुसत्या लाल दोऱ्याच्या रेघा. त्यांच्या वडिलांनी शिवलेला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वडील गावातल्या माणसांशी खेळायचे आणि ही पोरगी बांगड्या पुसत बघायची. तो देशी डाव. प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं आणि शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. फक्त राजा-वजिराच्या घरात वजीर.

"सून ज्या घरात जाती त्या घरची व्हती," आपा म्हणाल्या. "प्याद्याचं तसंच."

म्हणजे ती दोन उद्गारचिन्हांची खेळी कुणाला सुचलीच नव्हती. बाईंना दुसरा पर्यायच ठाऊक नव्हता. चुकीच्या नियमानं त्यांच्या हातून तेवढीच एक बरोबर खेळी झाली होती, आणि ती नेमकी माझ्यावर.

बाकीचा नवा डाव, ज्याला त्या सरकारी डाव म्हणायच्या, त्यांना एका पोस्टमास्तरांनी शिकवला होता. ते रोज दुपारी दुकानात येऊन बसत आणि नेहमी मी केली तीच सुरुवात करत, म्हणून आपांनी तिला उलटं प्यादं द्यायची युक्ती काढली. घरचं प्यादं गेलं तरी चालेल, वाट मोकळी पाहिजे, असं त्या म्हणाल्या. डाव इतक्या लवकर संपायचे की कुणाचं प्यादं कधी शेवटपर्यंत पोचलंच नाही.

"पोस्टमास्तरांची बदली झाली," त्या म्हणाल्या. "ह्ये प्याद्याचं इचारायचं राहिलं बगा. सरकारी डावात बी असंच असतंय न्हवं?"

माझ्या हातात त्या देशी पटावरचं एक लाकडी प्यादं होतं. मला आठवतं त्याप्रमाणे मी विचारसुद्धा केला नाही. विचार मागाहून आला: अजून तीन फेऱ्या आहेत, ह्या बाई माझ्यापुढं आहेत, चौथ्या जागेसाठी माझी ह्यांच्याशीच गाठ आहे, आणि प्यादं वजीर होतं हे ज्याला माहीत नाही तो फार पुढं जाऊ शकत नाही. हे सगळं मागाहून. आधी तोंडातून शब्द गेला.

"हो," मी म्हणालो. "असंच असतं."

इतकं सहज. मी शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं करतो. आपांनी मान हलवली, पटाची घडी घातली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. संध्याकाळच्या गाडीत मी खिडकीतून उसाकडे बघत बसलो आणि माझं मलाच नवल वाटत होतं.

पुन्हा बारामती

तिसऱ्या दिवशी मी दोन्ही डाव जिंकलो. आपा एक जिंकल्या, एक हरल्या. आम्हा दोघांचे गुण सारखे झाले. पहिल्या तीन जागा पक्क्या झाल्या होत्या, चौथी एकच जागा आणि दावेदार आम्ही दोघं. गुण सारखेच राहिले तर आपसातला डाव जिंकलेला वर, म्हणजे आपा. मला शेवटचा डाव जिंकायचा होता आणि त्यांनी जिंकायला नको होतं.

त्या दिवशी चहाला आपा दोनदा माझ्याशेजारी येऊन बसल्या. पहिल्यांदा त्यांनी सुनंदा काय करते विचारलं. दुसऱ्यांदा नुसत्याच बसल्या, कप रिकामा होईपर्यंत. मी हवेबद्दल बोललो, नरसिंहपूरला संगमावर जायचं राहिलं असं बोललो, खाणावळीतल्या मटकीबद्दल बोललो. पंचांचं काम पंचांनी करावं, अशी मी मनाशी समजूत घातली होती.

चौथ्या दिवशी मी माझा डाव तिसाव्या खेळीला जिंकला. सही करून उठलो आणि दोरीपलीकडे जाऊन उभा राहिलो. आपांसमोर दौंडचे रेल्वेतले एक गृहस्थ होते. पटावर दोन राजे आणि दोन प्यादी एवढंच उरलेलं. दौंडकरांचं प्यादं पळत निघालं होतं, पण आपांचं एक खेळी पुढं होतं, शेवटच्या ओळीच्या दाराशी, आणि पोचणार होतं ते उंटाच्या घरात.

वजीर केला तर डाव त्यांचा. उंट केला तर बरोबरी, कारण नुसत्या उंटानं मात होत नाही. बरोबरी झाली की मी चौथा. सहा वर्षांनी.

आता सांगायचं म्हटलं तरी सांगता येणार नव्हतं, चालू डावात खेळाडूला काही सांगणं हा गुन्हा आहे. सांगायची वेळ इंदापुरात होती, चहाच्या कपाशी होती. आणि खरं सांगतो, हे लिहितानाही कानशिलं तापतात, पण त्या क्षणी मला मनापासून वाटत होतं की त्यांनी उंट घ्यावा.

आपांनी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं. हात वर केला.

"पंचसाहेब," त्या म्हणाल्या, "वजीर द्या एक."

खरातसाहेब लाल खुर्चीवरून उतरले, मेलेला काळा वजीर टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिला आणि परत जाऊन बसले. कुणाला काहीच विशेष वाटलं नाही. शेंगा खाणारे शेंगा खात राहिले. मी मात्र दोरी धरून उभा होतो. वजीर ठेवून झाल्यावर आपांनी गर्दीत नजर फिरवली, मी दिसल्यावर ओळखीच्या माणसाला करतात तशी मान हलवली आणि पुन्हा पटाकडे वळल्या. दहा मिनिटांत दौंडकरांनी हात पुढं केला.

मी पाचवा आलो.

भिगवण

बक्षिसांच्या भाषणांत इंदापूरची गाडी चुकली, म्हणून आपांनी भिगवणला जाऊन हायवेवरची गाडी धरायचं ठरवलं. मलाही भिगवणहून पुण्याची आगगाडी सोयीची होती. मी टाळायचा प्रयत्न केला, पण बारामतीच्या स्टँडवर दोन माणसांनी एकमेकांना टाळायला जागा पुरत नाही.

भिगवणला उजनीचं पाणी रस्त्यापासून जवळ दिसतं. उन्हं कलली होती, उथळ पाण्यात गुलाबी पांढरे पक्षी एका पायावर उभे होते आणि होड्या काठाला लागत होत्या. रस्त्याकडेच्या हॉटेलात चिलापी मासे तळत होते. आपांनी दोन ताटं सांगितली. मी शाकाहारी आहे हे सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि मासा चांगला होता.

अर्धा मासा झाल्यावर मी म्हणालो, "आपा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांगा."

मी सांगितलं. प्याद्याचं खरं काय असतं ते मला माहीत होतं, त्या दिवशीही माहीत होतं, आणि मी मुद्दाम खोटं बोललो. त्या काटा काढत ऐकत होत्या. मग मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

मी इंदापूरहून परतल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरातसाहेबांना विचारलं होतं. त्यांनी दारावरचा कागद दाखवला, सातवा नियम.

"पण विचारावंसं का वाटलं? मी तर हो म्हणालो होतो."

आपांनी बोटं धुतली, पदराला पुसली. "बांगडी भरताना बाई म्हनती, दुखत न्हाय. तोंडानं म्हनती. हात आखडतो. मी हाताचं ऐकते, न्हायतर बांगडी फुटायची." त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं. "तुमी व्हय म्हनला तवा त्ये प्यादं तुमी मुठीत असं आवळलं, बोटं पांढरी झाली."

मी विचारलं, मग तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसलात तेव्हा का बोलला नाहीत? मला चार शब्द का सुनावले नाहीत?

"वाट बगत हुते," त्या म्हणाल्या. "म्हनलं, मास्तर सांगतील."

एवढंच. रागावल्या असत्या तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. मी ताटातल्या काट्यांकडे बघत राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात, अनोळखी माणसांत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इंदापूरची गाडी दिसली तशी त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. वर्तमानपत्राचा तोच तुकडा, त्यावर सुनंदाचा हात. आत डझनभर हिरव्या बांगड्या. मी म्हणालो, हे मला घेता येणार नाही.

"तुमास्नी न्हाईतच. तिच्या हातानं काय केलंय?" त्या उठल्या. "तुमचा हात बी खोटं बोलत न्हाय, मास्तर. माप बराबर काढलं त्येनं. तोंडाचं तेवढं तुमी बगा."

गाडीत चढताना कंडक्टरनं त्यांना हात दिला. तो हात त्यांनी क्षणभर दाबून पाहिला आणि मग आत गेल्या.

पुणे

घरी पोचलो तेव्हा सुनंदा रात्रीची भांडी लावत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाचवा ना, म्हणाली. मी हो म्हणालो. ह्या वेळी तिनं तो विनोद केला नाही, माझा चेहराच तसा असावा.

मी पुडी दिली. तिनं कागद उलगडला, आपला हात ओळखला, भाजल्याचा डाग ओळखला, आणि बराच वेळ कागदच बघत राहिली. मग बांगड्या चढवायला लागली. एकेक करत अकरा सहज गेल्या. तिनं विचारलं, माप कसं कळलं तुम्हाला?

तिला काहीही सांगता आलं असतं. मी पाटावर बसलो आणि घोड्यापासून माशापर्यंत सगळं सांगितलं, 'हो, असंच असतं' हे शब्दसुद्धा जसेच्या तसे. ती बांगड्या मागं-पुढं करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दोन दिवस वाट पाहिली त्यांनी?"

"हो."

बारावी बांगडी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी अडली होती. तिनं हात माझ्यापुढं केला आणि सरकवा म्हणाली. मी बांगडी धरली, आपा करतात तसं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि म्हणालो, हात सैल सोड.

"माझा सैलच आहे," सुनंदा म्हणाली. "तुमचा आखडलाय."